अवधूताचे गुरू आणि किनाऱ्यावरचा कॅमेरा

निसर्गाचे फोटो काढताना मन शांत होतं, हे बहुतेकांच्या अनुभवाचं आहे. पण शांत झालेलं मन पुढे कुठे न्यायचं ते कळत नाही. मग सूर्यास्ताचा फोटो निघतो, त्याखाली जगण्याविषयी एखादं वाक्य येतं आणि गोष्ट तिथेच संपते. मला त्या वाक्याची घाई पटत नाही. ते वाक्य सूर्यास्तातून आलेलं नसतं. आपणच घरून नेऊन त्याला चिकटवलेलं असतं.

मी रत्नागिरीकडच्या पावस गावाजवळ राहते आणि शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरी दत्ताची उपासना आहे. दत्तजयंतीच्या दिवसांत आजोबा अवधूताच्या २४ गुरूंची कथा सांगायचे. पृथ्वी, वारा, समुद्र, अजगर, पतंग, मासा, कोळी, बाण घडवणारा कारागीर, घरात एकटी असलेली कुमारिका. यांपैकी कुणी अवधूताला बसवून उपदेश केला नव्हता. त्याने त्यांचं वागणं पाहिलं, नीट पाहिलं, आणि घ्यायचं ते घेतलं. हातात कॅमेरा आल्यावर मला या कथेचा फार आधार झाला. फोटोतून अंतर्मुख व्हायचं असेल तर रीत हीच: समोरच्याचं वागणं कळेपर्यंत पाहत राहायचं, अर्थ मागाहून. या रीतीने किनाऱ्यावर कसं जायचं ते पुढे लिहिते आहे. कॅमेरा भारी लागत नाही. मोबाइलवरही यातलं जवळजवळ सगळं जमतं.

एका फेरीला एकच गुरू

घरातून निघण्याआधी ठरवा. आज समुद्र, किंवा आज खेकडे, किंवा आज नुसता वारा. एकदा ठरलं की बाकीचं सोडायचं. समोरच्या खडकावर खंड्या येऊन बसेल, आभाळात रंग चढतील. त्यांच्याकडे बघा, आनंद घ्या, पण कॅमेरा ठरलेल्या गोष्टीवरच राहू द्या. कथेतला बाण घडवणारा आपल्या कामात इतका गढला होता की राजाची मिरवणूक वाजतगाजत शेजारून गेली तरी त्याला कळली नाही. सुरुवातीला हे जड जातं, हात शिवशिवतात. अर्धाएक तास गेला की ठरलेली गोष्ट आपण होऊन उलगडायला लागते, आणि मग दुसरीकडे बघावंसं वाटत नाही.

जागाही शक्यतो एकच धरा. संत स्वामी स्वरूपानंद (१९०३–१९७४) आयुष्याची अखेरची जवळजवळ ४० वर्षं पावसमध्येच राहिले. लांब न हिंडता माणूस किती आत जाऊ शकतो, याचं उदाहरण आमच्या आधीच्या पिढीच्या डोळ्यांसमोर होतं. घरापासून चालत जाता येईल अशी एक पुळण (वाळूचा किनारा), एक खडक किंवा सड्याचा, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठाराचा, एक तुकडा निवडा आणि सगळ्या ऋतूंत तिथेच जा. कोकणात सुट्टीला येणाऱ्यांनाही मी हेच सांगते: चार दिवसांत दहा किनारे करण्यापेक्षा एकाच किनाऱ्यावर चार वेळा जा.

आणि एकटं जा. कुमारिकेची गोष्ट अशी की तिला पाहायला पाहुणे आले तेव्हा घरात दुसरं कुणी नव्हतं. ती साळी कांडायला बसली तर हातातल्या बांगड्या वाजायला लागल्या. तिने एकेक काढत हातात दोन-दोन ठेवल्या, तरी आवाज होतच होता. एकेकच उरली तेव्हा आवाज थांबला. फोटो शिकायला पाच-सहा जणांची टोळी चांगली, तिथे एकमेकांचं बघून हात सुधारतो. या कामाला मात्र टोळी नको. घरी कुठे जातोय आणि कधी परतणार ते सांगून ठेवा, फोनचा आवाज बंद करा, एवढं पुरे.

तिथी बघून निघा

मासेमारीच्या होडीवरच्या एका तांडेलमामांना मी विचारलं होतं, सुट्टीच्या दिवशी कितीला येऊ? ते म्हणाले, "बाई, तुमची सुट्टी दर्याला काय म्हायती? तिथ बघा नि या."

किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा: तिथीची पाऊणकी केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणकी तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज पाऊणएक तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. हा अंदाज आहे; मिनिटांचा हिशेब लागेल तेव्हा त्या बंदराचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहावं.

आता पौर्णिमेचं बघा. पंधराची पाऊणकी सव्वाअकरा. म्हणजे ओहोटी पहाटे साडेपाचच्या आणि संध्याकाळीही साडेपाचच्याच आसपास. अमावास्येलाही तेच. शिवाय या दोन तिथींना सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका रेषेत येतात म्हणून उधाण असतं; पाणी नेहमीपेक्षा वर चढतं आणि नेहमीपेक्षा खालीही उतरतं. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याची चढउतार सगळ्यात कमी असते तेव्हा, जे खडक पाण्याखालीच राहतात ते तेव्हा उघडे पडतात, आणि नेमके कोवळ्या उजेडाच्या वेळी. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीयेपर्यंतच्या पहाटा म्हणूनच राखून ठेवाव्यात.

खडकावर असताना पाण्याकडे पाठ करू नका. उधाणाची भरती वळली की पुष्कळदा तुमच्या पायाखालच्या खडकाआधी मागची सखल वाट बुडते. पावसाळ्यात शेवाळलेल्या खडकांवर जाऊच नका, पुळणीवरून फोटो काढा.

तिथी बघून जाण्याने आणखी एक गोष्ट घडते. आपल्याला वेळ आहे म्हणून आपण जात नाही. समुद्राची वेळ झाली म्हणून जातो. कधी झोप मोडून, कधी भरदुपारी; आणि ती वेळ ऐन कामाच्या दिवशी आली तर मन मारून घरी थांबतो. माझ्या मते अंतर्मुख होण्याची सुरुवात इथून होते, कॅमेरा पिशवीतून काढण्याच्याही आधी.

पोचल्यावर लगेच फोटो काढू नका. बसा. श्वास आत येताना 'सो', बाहेर जाताना 'हं', इतकंच. स्वरूपानंदांची साधना सोऽहंचीच होती, आमच्याकडे लहान मुलांनाही ती माहीत असते. श्वास संथ झाला की कॅमेरा उचला आणि बटण श्वास सोडून झाल्यावर, पुढचा घेण्याआधी दाबा. त्या क्षणी हात सगळ्यात कमी हलतो. मंद उजेडात, तिवई (ट्रायपॉड) नसताना, फोटो हलण्यापासून याच सवयीने वाचतो.

समुद्र

अवधूताने समुद्राकडून घेतलं ते असं: पावसाळ्यात नद्या भरभरून आल्या म्हणून तो फुगत नाही, उन्हाळ्यात त्या आटल्या म्हणून सुकत नाही. ऐकायला सोपं आहे. डोळ्यांनी पाहायचं असेल तर पूर्णगडावर जा. हा छोटा किल्ला मुचकुंदी नदीच्या मुखावर आहे. तटावरून एकीकडे खाडी दिसते, दुसरीकडे मोकळा समुद्र. श्रावणात मुचकुंदी डोंगरातली तांबडी माती घेऊन येते आणि गढूळ पाणी समुद्रात शिरताना दिसतं. चैत्रात तीच खाडी संथ आणि निळीहिरवी असते.

दोन्ही वेळा एकाच जागेवरून, तीच चौकट धरून फोटो काढा. तटाचा एखादा दगड खूण म्हणून चौकटीच्या कोपऱ्यात ठेवा, झूम किती होता ते लिहा, भरतीची अवस्थाही तीच निवडा, नाहीतर तुलना फसते. क्षितिज तंतोतंत आडवं आणि चौकटीत एकाच उंचीवर ठेवा. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहिले की नदी पार बदललेली दिसते आणि क्षितिज जिथल्या तिथे. मी ते फोटो पाहताना स्वतःला एक प्रश्न विचारते: आलेल्या आणि न आलेल्या कौतुकाने माझी पातळी किती वरखाली होते? उत्तर दर वेळी वेगळं येतं, आणि ते खरंखुरं लिहून ठेवण्यासारखं असतं.

लाटांबद्दल थोडं. हल्ली अर्धा मिनिट शटर उघडं ठेवून पाणी दुधासारखं गुळगुळीत करायची पद्धत आहे. मला ते आवडत नाही, कारण त्यात लाटेचं वागणंच पुसलं जातं. पाव ते अर्धा सेकंद ठेवून बघा. आयएसओ १००, छिद्र एफ ११, कॅमेरा तिवईवर. पहाटेच्या किंवा ढगाळ उजेडात एवढं पुरतं. ऊन चढलं की एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळसर काच, लावावा लागतो. या वेगात परतणाऱ्या पाण्याच्या रेषा उमटतात: लाट कुठे चढली, खडकाने तिला कुठे दुभंगलं, कोणत्या फटीतून ती माघारी गेली, सगळं वाचता येतं. फेस पांढराफटक होऊ नये म्हणून उजेड अर्धा-पाऊण स्टॉप कमी ठेवा. मोबाइलमध्ये प्रो मोड असेल तर शटरचा वेग तिथे बदलता येतो.

वाळूतला खेकडा

माझा सगळ्यात आवडता गुरू अवधूताच्या यादीत नाही. ओहोटी लागली की ओल्या पुळणीवर करंगळीच्या नखाएवढे खेकडे बिळांतून वर येतात आणि बघता बघता वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी पसरते. बिळ मध्यभागी आणि त्याभोवती गोळ्यांच्या ओळी, सूर्याच्या किरणांसारख्या. भरती आली की सगळं पुसलं जातं, पुढच्या ओहोटीला पुन्हा नवं.

इथे कुणालाही पटकन सुचतं ते क्षणभंगुरतेचं. तिथे थांबू नका, पाहत राहा. हालचाल न करता, सावली बिळावर पडू न देता, आडवं पडून दहा मिनिटं थांबलात की ते परत वर येतात. मग दिसतं की खेकडा नक्षी काढतच नाही, तो जेवतो आहे. वाळू तोंडाशी नेतो, तिच्यातला खाण्याजोगा बारीक अंश काढून घेतो आणि उरलेली वाळू गोळी करून मागे टाकतो. आणखी थोडं पाहिलंत तर कळतं की बिळापासून त्याच्या कामाच्या जागेपर्यंत एक वाट मोकळी राखलेली असते. तिच्यावर गोळ्या पडत नाहीत. धोका वाटला की त्याच वाटेने तो क्षणात आत पळतो. काम पसरत जातं, वाट मोकळीच राहते. मी या खेकड्याकडून घेतलं ते हे. शाळा, घर, बाग, चार माणसांची देणीघेणी यांत मी कितीही पसरले तरी माझी आत परतण्याची वाट कशाने बुजते आहे, हे मी त्याच्यामुळे बघायला लागले.

फोटोसाठी मोबाइल उलटा धरा, म्हणजे लेन्स वाळूला टेकण्याइतकी खाली येते. सकाळी आपल्याकडे उजेड डोंगराच्या बाजूने येतो. समुद्राकडे पाठ करून, उजेडाकडे तोंड ठेवून फोटो काढलात तर प्रत्येक गोळीला सावली पडते आणि मोकळी वाट स्पष्ट उठून दिसते. फक्त पाठीमागे पाणी कुठवर आलं आहे ते अधूनमधून बघत राहा. नक्षीवर पाय देऊ नका.

मासळी उतरते त्या जेटीवर गेलात तर अवधूताचा कुरर पक्षीही भेटेल. त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा होता तोवर बाकीचे पक्षी त्याच्यावर तुटून पडत होते. तुकडा टाकला तेव्हा तो मोकळा झाला. आमच्या जेटीवर हा खेळ ब्राह्मणी घारी आणि कुरव पक्षी रोज खेळतात. सेकंदाच्या दीड-दोन हजाराव्या भागाएवढा शटर, सलग फोकस. सगळे जण झटापटीचा फोटो काढतात. तुम्ही मासा सुटल्यानंतरच्या घारीवर कॅमेरा धरून ठेवा.

सडा

श्रावण-भाद्रपदात किनारा खवळलेला असतो, तेव्हा जांभ्याच्या सड्यावर जा. उन्हाळ्यात तिथे काळा तापलेला कातळ असतो. पावसात त्याच्यावर पाण्याचा पातळ थर साचतो आणि सीतेच्या आसवांची जांभळीनिळी फुलं पसरतात, सोबत गेंदाची पांढरी डोकी. चालायचं ते उघड्या कातळावरून, फुलांच्या वाफ्यातून नाही. पोटावर झोपा, तांदळाची छोटी पिशवी कॅमेऱ्याखाली घ्या, फुलाच्या उंचीला या.

या इवल्या फुलांच्या मुळाशी काय चाललं आहे ते माहीत करून घेऊन मग फोटो काढावा. कातळावरच्या मातीत पोषण फार कमी, म्हणून सीतेची आसवं ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिला पाण्यात आणि चिखलात बारीक पिशव्या असतात. सूक्ष्म जीव त्यांच्या तोंडाशी आला की तो आत ओढला जातो. शेजारीच दवबिंदू नावाची वनस्पती असते, तिच्या केसांच्या टोकांवर चिकट थेंब आणि त्यांत अडकलेलं चिलट. हे कळल्यावर काही जण नाराज होतात. मला वाटतं, इथूनच पाहणं खरं सुरू होतं. नाजूकपणा आणि भूक एकाच देठावर आहेत, आणि फोटोत दोन्ही यायला हवीत. फूल आणि चिलट एका चौकटीत घ्या. मग आपल्यातलं काय काय आपण चौकटीबाहेर ठेवतो, हा प्रश्न ओढूनताणून आणावा लागत नाही.

त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. रत्नागिरी, लांजा, राजापूर या भागांत ती मोठ्या संख्येने सापडली आणि त्यांतली काही २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा कोरलेला हत्ती जवळजवळ १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगावर इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. जमिनीवर उभं राहून तो एका चौकटीत मावत नाही. मावू देऊ नका. सकाळी लवकर किंवा सूर्य कलताना, तिरप्या उजेडात, कोरीव रेषेच्या कडेने चालत जा आणि एकेका रेषेचा फोटो काढा. रेषा उठावदार दिसावी म्हणून तिच्यात खडू किंवा रांगोळी भरू नये, शिल्पावर उभं राहू नये. ज्यांनी हे कोरलं त्यांनी नाव ठेवलेलं नाही. या फोटोंच्या कोपऱ्यात मी माझं नाव घालत नाही.

पतंग

रूपाच्या ओढीने दिव्यावर झेपावणारा पतंग हाही अवधूताचा गुरू, आणि फोटो काढणाऱ्याला त्याची गरज सगळ्यात जास्त. आपली सगळी विद्या रूपाची आहे. एखादा फोटो हवाच असं वाटायला लागलं की आपण समोरच्या जिवाला विसरतो.

गावखडीच्या पुळणीवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. ती जाळीच्या कुंपणात जपली जातात आणि साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येतात. ही पिल्लं उजळ दिसणाऱ्या क्षितिजाच्या रोखाने समुद्र शोधतात, म्हणून फ्लॅश किंवा विजेरी त्यांना चुकीच्या दिशेला नेऊ शकते. इथे पतंग दोन आहेत, एक वाळूवरचा आणि एक कॅमेऱ्यामागचा. फ्लॅश बंद, मोबाइलचा पडदा मंद, कासवमित्र जिथे उभं राहायला सांगतील तिथेच उभं राहायचं, पिल्लांच्या वाटेत पाऊल ठेवायचं नाही. उजेड कमी म्हणून फोटो आला नाही तर नाही आला. ककणेराच्या (धनेश पक्ष्याच्या) ढोलीबाबतही तसंच. मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि नर तिला बाहेरून फळं भरवतो. तुम्ही जवळ गेलात तर तो भरवायला येतच नाही. अशी ढोली कुठे आहे ते कुणालाही सांगू नका.

देवराईत शिरण्याआधी गावातल्या माणसाला विचारा. जिथून वाळकी काटकीही उचलायची नाही असा दंडक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या पाळला, तिथून फोटो उचलतानाही परवानगी असावी. काही ठिकाणी देवाच्या मूळ स्थानाचा फोटो काढू देत नाहीत. तेवढ्या जागेपुरता कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवा, गळ्यात लोंबता नको. कॅमेरा बंद असताना डोळे काय बघतात ते लक्षात ठेवा आणि त्या दिवसाच्या वहीत तेच लिहा.

वही

घरी आल्यावर आधी सामान. ओल्या, पिळलेल्या सुती फडक्याने कॅमेऱ्यावरचं आणि तिवईच्या पायांवरचं खार पुसा, मग कोरड्या फडक्याने. वाळूचे कण काचेवरून फुंकणीने उडवा, कधीही घासू नका. पावसाळ्यात लेन्सला बुरशी येते म्हणून हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा.

फोटो त्याच रात्री पाहू नका. चार-पाच दिवस जाऊ द्या, म्हणजे मेहनतीची आठवण फिकी होते आणि फोटो स्वतःच्या बळावर दिसतो. तोपर्यंत वही लिहा. तिथी, भरतीची अवस्था, वारा. मग समोरच्याचं वागणं: त्याने काय केलं, कशामुळे केलं असावं. 'सुंदर', 'अद्भुत' असले शब्द इथे चालत नाहीत. त्याखाली एकच ओळ स्वतःबद्दल, आणि तीही सुचली तर. ओढून लिहिलेली ओळ महिन्याने वाचली की लगेच ओळखू येते. ज्या फोटोसाठी वागण्याची नोंदच लिहिता येत नाही तो कितीही देखणा असला तरी मी बाजूला ठेवते आणि त्या जागी पुन्हा जाते. वर्षातून थोडे फोटो छापून घ्या, पोस्टकार्डाएवढे, आणि मागच्या बाजूला वहीतली नोंद उतरवा. कुणाला दाखवताना फोटो आधी द्या, उलटायचं की नाही ते त्यांच्यावर सोडा.

सुरुवात खेकड्यापासून करा असं मी सुचवेन. पौर्णिमेनंतरच्या द्वितीयेला रात्री दीडच्या सुमाराला भरती, म्हणजे सकाळी पावणेआठला पूर्ण ओहोटी. सहा-सव्वासहाला पुळणीवर पोचा, बसायला जुनं पोतं आणि प्यायला पाणी न्या.